थांबायची चोरी

माझ्या आयुष्यात मला बसलेल्या धक्क्यांची मोजदाद केली तर विजेच्या तारेचे दोन, बारावीच्या निकालाचा एक आणि उरलेले झाडून सगळे आमच्या थोरल्या साडूंचे निघतील. माणूस दिसायला अगदी निरुपद्रवी. बेताची उंची, फिकट निळा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं पाटाच्या कडेने सायकल मारून निवृत्त झालेला. राहुरीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. रस्त्यात भेटले तर "काय साडूराव, बरं आहे ना?" एवढंच विचारतात, तेही हळू आवाजात. आणि आपण "बरं आहे" म्हणून निघालो की मागून असं काही सांगतात की पाय जागच्या जागी थिजावेत. "काल तुमच्या घराची उंची काढली. आमच्यापेक्षा सव्वा मीटर खाली आहात तुम्ही. पाणी आलं तर आधी तुमच्याकडे." अहो, सकाळी सहा वाजता दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसाला सांगायची ही गोष्ट आहे का? मी त्या दिवशी दूध न घेताच घरी परतलो आणि वर बायकोची बोलणी खाल्ली.

त्यांचा कुठल्याही एका आकड्यावर विश्वास नाही. ही खात्याची देणगी. पाटाला वर एक पट्टी असते आणि खाली एक. दोन्हीकडचं पाणी मोजलं की मधल्या मधे कुणी किती पळवलं ते कळतं. ही रीत त्यांनी संसारात आणली. घरात भिंतीवर दोन घड्याळं, देवघरात दोन पंचांगं, औषधांच्या डब्यात दोन थर्मामीटर. पोरांना ताप आला की दोन्ही बगलांत एकेक लावायचे आणि दोहोंची सरासरी काढेपर्यंत पोरांचा ताप कंटाळून उतरायचा. माझ्या थोरल्याच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं चालू, आणि हे व्यासपीठावर चढून भटजींना म्हणतात, "जरा थांबा, तुमच्या आणि माझ्या घड्याळात चाळीस सेकंदांचा फरक पडतोय." भटजी थांबले! पाचशे माणसं हात वर करून चाळीस सेकंद उभी. माझे व्याही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी जन्मात विसरणार नाही.

तर अशा माणसाच्या छातीत दीड वर्षापूर्वी कळ आली. नगरला नेलं, स्टेंट बसवला. आम्ही सगळे हबकलोच. वर्षाचे बारा महिने सायकल मारणाऱ्या माणसाला हे व्हावं? डॉक्टर मात्र शांत होते. म्हणाले, "सायकल सोडू नका, तिनंच वाचवलंय तुम्हाला. फक्त हळू चालवा, दम लागला की थांबा." हे ऐकून साडूभाऊंच्या चेहऱ्यावर तेज आलं आणि ताईंच्या चेहऱ्यावरचं गेलं. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, यांची मंडळी. बाई मोठ्या हिमतीची, पण त्या आठ दिवसांत दवाखान्याच्या बाकड्यावर बसून अर्धी झाली होती. तिने एकच अट घातली. सायकलवर जायचं तर मोबाईल चालू ठेवून जायचं, आणि तुम्ही कुठे आहात ते मला माझ्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. त्यांच्या मुलीने पुण्याहून येऊन दोन्ही मोबाईलांत तशी सोय करून दिली. नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे साडूभाऊ.

दीड महिना हे सुरळीत चाललं. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की सायकलसाठी वेगळं जीपीएसचं यंत्र घ्यायचं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी; हँडलवर बसते, रस्ता दाखवते, अंतर, चढ, वेग, सगळं टिपून ठेवते. मी म्हटलं, "साडूभाऊ, हे सगळं मोबाईलमध्ये फुकट असताना ही डबी कशाला?" झालं! पुढचे तीन महिने त्यांनी या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवले, आणि ते शोधताना मला जे जे बघावं लागलं त्याने माझी झोप उडाली. पुण्याच्या एका ओळखीच्याकडून त्यांनी तसली डबी परीक्षेसाठी मागून आणली. एप्रिल महिन्यात भर दुपारी ती डबी आणि स्वतःचा मोबाईल पत्र्यावर शेजारी शेजारी मांडले आणि हातात वही घेऊन शिडीवर उभे राहिले. अकरा मिनिटांत मोबाईलने 'फार तापलोय' असं सांगून डोळे मिटले. डबी चालूच. मग दोन्हींवर झारीने पाणी. मग घामेजलेल्या बोटांनी दोन्ही चालवून बघणं; घामासाठी मला अंगणात पळवलं, त्यांना डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती म्हणून! मग मोबाईल हँडलला चिमट्यात अडकवून देवळालीच्या बाजूचे गतिरोधक. तिसऱ्या गतिरोधकाला मोबाईल उडाला तो थेट पुढून चाललेल्या उसाच्या ट्रॉलीत. ट्रॉली फॅक्टरीकडे, साडूभाऊ ट्रॉलीमागे, आणि ताई घरी बसून बघतायत की ठिपका कारखान्याच्या गव्हाणीकडे, म्हणजे जिथे ऊस चरकात लोटतात तिकडे, निघालाय. त्या माउलीने मला फोन केला तेव्हा ती नुसती "गव्हाण, गव्हाण" म्हणत होती. मोबाईल सापडला, पण त्याचा कॅमेरा त्या दिवसापासून सगळ्या जगाकडे थरथरत बघतो.

मोबाईलच्या बाजूनेही त्यांनी प्रामाणिकपणे आकडे मांडले होते, हे सांगायला हवं. डबीचा नकाशा म्हणजे नुसत्या रेघा. कुठल्या हॉटेलात मिसळ बरी हे तिला ठाऊक नाही. डबीवरून कुणाला हाक मारता येत नाही. रस्ता चुकलात तर मोबाईल लगेच दुसरी वाट शोधतो, डबी नुसती पीं पीं करते. यावर साडूभाऊंचा शेरा होता, "मोबाईलनं शोधलेल्या दुसऱ्या वाटेनं मी एकदा कांद्याच्या चाळीत शिरलोय. आत माणसं कांदे निवडत बसली होती. त्यांनी पाणी दिलं, पण मोबाईलमधली बाई म्हणतच होती, 'सरळ पुढे जा.'" अखेर घरात बैठक बसली. निकाल असा की डबी घ्यावी, हँडलवर ती असावी. मोबाईल पाठीवरच्या पिशवीत असावा, चालू. ताई म्हणाल्या, "डबी तुमच्यासाठी, ठिपका माझ्यासाठी." साडूभाऊंनी मान डोलावली. तेव्हा मला वाटलं, पटलंय त्यांना.

ताई ठिपका कसा बघायच्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाईल पोळपाटाशेजारी टेकवून ठेवलेला. एक पोळी लाटली की एक नजर. ठिपका सरकत असला की पोळ्या गोल. ठिपका थांबला की लाटणं थांबलं. दोन मिनिटं वाट बघायची, तिसऱ्या मिनिटाला फोन. "अहो, का थांबलात? काय होतंय का? छातीत दुखतंय का?" तिकडून उत्तर यायचं, "अगं, रेल्वेचं फाटक लागलंय." किंवा, "अगं, शेळ्या आडव्या आल्यात." एकदा तर बिचारे म्हणाले, "अगं, आता हेही सांगू का?" आम्ही हसायचो. मीसुद्धा पोट धरून हसलोय, खोटं कशाला बोलू.

आणि मग सगळ्यांत मोठा धक्का. आमचे साडूभाऊ शनिशिंगणापूरला जायला लागले! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात देवळाच्या बाहेर चपला सांभाळण्यापलीकडे धर्मकार्य केलं नाही, तो माणूस दर शनिवारी पहाटे उठून सायकलवर शिंगणापूर गाठतो आणि तिथे दोन दोन, अडीच अडीच तास बसतो. ठिपका तिथेच. हलत नाही. मी ऐकलं तेव्हा चहाचा कप बशीत लवंडला. ताईंना मात्र आनंद मावेना. जिवावरचं दुखणं आलं आणि माणूस देवाला लागला, असं त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं. आणि एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाळली. ठिपका शिंगणापुरात थांबला की फोन करायचा नाही. "देवापुढे बसलेत, मधेच कशाला हाक मारायची?" शनिवारी सकाळी त्यांच्या पोळ्या निवांत व्हायच्या. असे सात-आठ शनिवार गेले.

मग एका शनिवारी मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती. ताई म्हणाल्या, "भावजी, मला गाडीवर घेऊन चला. यांना एकदा तिथं बसलेलं डोळे भरून बघायचंय. सांगू नका मात्र." त्यांनी जरीची साडी नेसली, डब्यात शिरा घेतला. साडेनऊला पोचलो. गर्दी रेटून होती. चौथऱ्याच्या चारही बाजू बघितल्या, तेलाच्या रांगेत बघितलं, झाडाखाली बघितलं. साडूभाऊ नाहीत. ताईंनी मोबाईल काढला. ठिपका देवळात नव्हताच. मागच्या गल्लीत होता. आम्ही नकाशा धरून गल्लीत शिरलो, उजवीकडे वळलो आणि एका घरासमोर उभे राहिलो. जुनं घर, गावच्या रीतीप्रमाणे चौकट आहे, दार नाही. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावलेली. बाहेर ओट्यावर एक बाई रुईच्या माळा ओवत होती. आणि आत, समोरच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी, साडूभाऊंचा मोबाईल. नुसता मोबाईल.

 ताई त्या फळीला धरून उभ्या. मीच विचारलं, "मावशी, हा मोबाईल कुणाचा?" बाईने मान वर करून सांगितलं, "सायकलवाल्या साहेबांचा. दर शनवारी ठिवून जात्यात. हितं दार न्हाई पन चोरी न्हाई, म्हनून ठिवत्यात. आमी हातबी लावत न्हाई." मी म्हटलं, "ठेवून जातात कुठे?" "ते काय ठावं? पाटाकडं जात्यात सायकल घिऊन. साडेधापतोर येत्यात, काकडी खात्यात, मोबाईल घेत्यात, जात्यात. लई साधा मानूस हाय." मग ताईंकडे बघून विचारलं, "तुमी कोन?" ताई कोनाड्याकडेच बघत राहिल्या. 

पहिला अर्धा तास ताई नुसत्या रागाने धुमसत होत्या. "माझ्याशी खोटं? देवाच्या नावानं? येऊ देत, बघतेच!" साडेदहा वाजले. साडूभाऊ आले नाहीत. पावणेअकरा. अकरा. ऊन तापलं. ताईंचा राग कुठल्या क्षणी गेला ते मला कळलं नाही, पण बघतो तर त्यांनी तो मोबाईल कोनाड्यातून काढून दोन्ही हातांत गच्च धरला होता. आता फोन करायचा तर कुणाला? जो वाजायचा तो त्यांच्याच हातात. नकाशावर ठिपका दिसत होता, तो आम्हीच होतो. "भावजी, ते पडले असले तर कुणाला कळणार हो?" असं त्या तीनदा म्हणाल्या. मी गाडी काढून पाटाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मैल फिरून आलो. उसामागे ऊस, माणूस दिसत नाही. त्या दीड तासात मी मनातल्या मनात कुणाकुणाला फोन करायचे ते ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

साडेअकरा वाजून गेले आणि गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. साडूभाऊ. घामाने भिजलेले, पण चेहरा ताजा, नुकत्याच झोपून उठलेल्या माणसासारखा. आम्हाला बघितलं आणि सायकलवरून उतरायचेच विसरले. मावशीने हँडल धरलं म्हणून बरं. ताई पुढे झाल्या. मला वाटलं, आता वीज पडणार. पण त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "कुठं होतात?"

"थांबलो होतो," साडूभाऊ म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी हँडलवरची डबी काढली आणि ताईंच्या हातात दिली. मीही डोकावलो. एकूण वेळ चार तास सव्वीस मिनिटं. सायकल चालल्याचा वेळ दोन तास एकवीस. ते यंत्र तसंच असतं. चाक थांबलं की चालण्याचा वेळ मोजायचं आपोआप थांबतं आणि चाक फिरलं की पुन्हा सुरू, मधे कुणाला काही विचारत नाही. साडूभाऊ नकाशावर बोट ठेवून सांगायला लागले. "इथं बाभळीखाली बारा मिनिटं. इथं पुलाच्या कठड्यावर पंचवीस. इथं चिंच आहे मोठी, तिथं आज डोळा लागला. तासभर झोपलो. म्हणून उशीर झाला."

"झोपलात?" ताई ओरडल्याच. "रस्त्यावर? छातीत दुखत होतं का?"

"नाही गं. आता दुखत नाही. आधी दुखायचं." ते खाली बघत होते. "डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते ना, दम लागला की थांबा. पण मी थांबलो की तुझा फोन येतो. तुझा आवाज असा येतो की मलाच वाटतं, काहीतरी झालंय आपल्याला. मग मी थांबायचंच सोडलं. चढावर दम लागला तरी पाय मारत राहायचो, ठिपका हलता राहावा म्हणून. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. एका शनिवारी इथं पंक्चर झालं. तासभर बसलो आणि तुझा फोनच आला नाही. घरी गेलो तर तू ओवाळायच्या बेतात. म्हटलं, साऱ्या नकाशात ही एकच जागा आहे जिथं मला थांबता येतं. पण मी इथं गल्लीत बसून काय उपयोग, मला तर पाटावर जायचं होतं. म्हणून मोबाईलला इथं थांबवलं."

 त्या फोनांवर पोट धरून हसलेला मी! ज्या ठिपक्याच्या भरवशावर आम्ही सगळे निर्धास्त होतो, तो हलता ठेवायला हा माणूस जीव काढत होता. मावशी माळ ओवायची थांबली होती. ताई त्या डबीकडे बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना. मग त्या ओट्यावर मटकन बसल्या. "मीच दमवत होते होय तुम्हाला," म्हणाल्या, आणि घळाघळा रडायला लागल्या. साडूभाऊ सायकल मावशीच्या हातात तशीच सोडून शेजारी बसले. "अगं, तसं नाही. खोटं मी बोललो. ते चुकलंच." जरा वेळाने ताईंनी डबा उघडला आणि शिरा काढला. मावशीलाही दिला. 

आता मोबाईल की डबी, हा वाद आमच्याकडे मिटला आहे. दोन्ही जातात. साडूभाऊ परत आले की ताई पाण्याचा तांब्या देतात आणि डबी हातात घेतात. किती लांब गेलात हे विचारत नाहीत. एकूण वेळातून चाललेला वेळ वजा करतात. चष्मा लावून, बोटांवर. परवा वजाबाकी कमी निघाली तर माझ्यादेखत त्यांना खडसावलं, "तीस किलोमीटरमध्ये फक्त अठरा मिनिटं थांबलात? उद्या जायचं नाही." साडूभाऊ शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे. बायकोने थांबला नाहीस म्हणून नवऱ्याला रागवावं, हे मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. हल्ली मात्र तशी वेळ क्वचित येते. थांबण्याचा आकडा हळूहळू वाढतोय, चालण्याचा कमी होतोय. आम्हाला तिघांनाही ते दिसतं. 

गेल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. ठिपका पाटाच्या एका वळणावर थांबला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मला बसवेना. मी म्हटलं, "ताई, एकदा विचारून बघू का?" आणि मोबाईलकडे हात नेला. त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या भावजी. बसलेत ते. बसू द्या." आवाज शांत होता. पोळी तव्यावर करपली, मीच उतरवली. ठिपका हलला तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. ताईंनी पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "बघा, उठले."